वहिनीला मारतील का?

“मारतील का गं तिला?” वहिनीनं विचारलं.

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती आणि वहिनीनं आवाज बंद केला होता, त्यामुळे फेसात बुडालेली एक बाई नुसतीच तोंड हलवत होती. वहिनीच्या मांडीवर परात होती, शेजारी पेपरावर पावट्याच्या शेंगांचा ढीग. रविवारची संध्याकाळ. मी शनिवारी पुण्याहून कराडला आले होते आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं परत जाणार होते.

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे? वहिनीला!”

इथं थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर तुमचाही गोंधळ होईल. आमच्याकडे वहिनी दोन होत्या. एक ही, शेंगा सोलणारी. हिच्या पोटी मी आणि माझा भाऊ सुहास जन्माला आलो. दुसरी ‘घराचं नाव वहिनी’ या मालिकेतली. ती रोज संध्याकाळी सातला यायची, भरजरी साडीत सगळ्या घराचे अपमान गिळायची आणि साडेसातला जायची.

आमच्या घरात कोणालाच त्याच्या खऱ्या नात्यानं हाक मारायची पद्धत नव्हती. वडील होते तोवर त्यांना धाकटे भाऊ दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादा. आजीला तिचे पुतणे काकू म्हणत, म्हणून ती अख्ख्या गल्लीची काकू. दादांची मोठी बहीण सगळ्यांची अक्का. आणि घरात तीन दीर दिवसभर ‘वहिनी, टॉवेल’, ‘वहिनी, डबा’, ‘वहिनी, हा माझा शर्ट का घालतोय’ असा पुकारा करत असल्यामुळे मी बोलायला लागले तीच ‘वहिनी’ म्हणत. मागून आलेल्या सुहासनं माझी नक्कल केली. कुणी दुरुस्त केलं नाही. तीही ‘ओ’ देत राहिली.

तिसरीत ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘माझ्या वहिनीचे नाव प्रमिला आहे, ती मला रोज न्हाऊ घालते.’ देसाईबाईंनी ते वाचलं, मला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. तिसऱ्या दिवशीही दिला. पुढे पालकसभेला वहिनी गेली तेव्हा बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुमचं फार कौतुक वाटतं हो. आजकाल नणंदेसाठी कोण एवढं करतं?”

वहिनी पदरात तोंड लपवून हसत घरी आली. लाडू बंद झाले. एवढंच.

मोठेपणी बँकेत, दवाखान्यात नातं सांगायची वेळ आली की मी ‘मदर’ म्हणायचे. कॉन्व्हेंटमधल्या बाईंबद्दल बोलावं तसं. घरात मात्र वहिनीच.

तर, मारतील का तिला?

“मला काय माहीत?” मी म्हणाले.

“एवढी पुस्तकं तपासतेस तिकडं. लेखकाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही होय तुला?”

मी पुण्यात एका प्रकाशकाकडे संपादनाचं काम करत होते. वहिनीच्या मते त्याचा उपयोग एवढाच, की मालिकेचं पुढं काय होणार हे मला आधी कळायला हवं.

“कशाला मारतील? तिच्यावरच तर मालिका आहे.”

“तिला सिनेमा मिळालाय. पेपरात आलंय. पंधरा दिवस बघ, तिला एक धड वाक्य देत नाहीत. नुसती तुळशीपाशी उभी करतात. काढायचं असलं की आधी माणसाला तुळशीपाशी नेतात.”

जाहिराती संपल्या. वहिनीनं आवाज वाढवला.

वहिनी टीव्ही बघत नसे, तपासत असे. हळदीचा भाव विचारून पुडी फोडून वास घेणारी बाई ती, मालिकेला कशी सोडणार? रडणाऱ्या नटीच्या नाकाचा शेंडा लाल झाला नाही, तर अश्रू बाटलीतले. झोपताना नाकात नथ असेल, तर दिग्दर्शक बिनलग्नाचा. “एवढं मोठं घर,” ती म्हणायची, “सगळे सारखे जेवायला बसतात. पण एकाचा तरी घास तोंडात गेलेला बघितलायस? वाढून झालं की कुणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळे ताटावरून उठतात. उपाशी माणसं आहेत ती. भांडणारच.” दारामागून ऐकणाऱ्या जावेबद्दल तिचं मत होतं, की हिच्याकडे नुसता सकाळचा स्वयंपाक दिला असता तरी मालिका तीन महिन्यांत आटोपली असती. धाकट्या दिराला रडता येत नाही, ओठ वाकडे करतो. आणि वहिनीची मुलगी, परदेशात शिकून आलेली, तिच्यावर तर विशेष राग.

“एवढी शिकलीय,” वहिनी म्हणाली, “पण घरात पाऊल टाकते तेच कपाळाला आठ्या घालून.”

“माझ्याकडं बघून बोलू नकोस.”

“मी टीव्हीकडं बघून बोलतीय. तुला टोचलं तर माझा काय दोष?”

पडद्यावर मालिकेतली वहिनी गाडीत बसली. एकटीच. चालक नाही, कारण चालकाला जावेनं सुट्टी दिली होती. संगीत वाढलं. गाडी घाटाला लागली.

“अगं बाई, उतर,” वहिनी पडद्याला म्हणाली. “एवढे नोकर आहेत, एकाला तरी बरोबर घे.” मग मला, “सांग की, मारतील का?”

मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर मी गेला अर्धा तास एकच पान वाचत होते.

“मारणार नाहीत,” मी म्हणाले. “गाडी दरीत जाईल. साडीचा पदर झुडपाला अडकलेला दिसेल. घरात फोटोला हार. तीन महिन्यांनी दुसरी नटी येईल, तोंडावर प्लास्टिक सर्जरी झालेली, स्मरणशक्ती गेलेली. आणि तिला सगळ्यात आधी ओळखेल ती जाऊ.”

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्याकडे तिनं असं कौतुकानं बघितलं, की मी एम.ए.ला पहिली आले तेव्हाही बघितलं नव्हतं.

“जाऊ का?”

“पापी माणसाची नजर तीक्ष्ण असते.”

“अक्काला सांगायला पाहिजे. लाव फोन.”

अक्का इस्लामपूरला तिच्या मुलाकडे, गिरीशकडे राहायची. ऐंशी ओलांडलेली, छातीत पेसमेकर, जीभ ठणठणीत. रोज सकाळी दहाला, गिरीश शाळेत शिकवायला गेला आणि घर मोकळं झालं की तिचा वहिनीला फोन यायचा आणि आदल्या दिवशीचा भाग दोघी मिळून फाडायच्या. त्यांच्या बोलण्यात मालिकेचं नाव कधी येत नसे. ‘आपल्या थोरल्यानं घर विकायला काढलंय’, ‘धाकटीला दिवस गेलेत, पण तिनं अजून सांगितलं नाही’, असंच सगळं. मागच्या घरात राहणारा माझा धाकटा काका, बापूकाका, एकदा मीठ मागायला आला आणि त्यानं यातलं पहिलं वाक्य ऐकलं. थोरला म्हणजे सुहास असं धरून तो त्याच्याशी आठ दिवस बोलला नाही. शेवटी भांडायला आला तेव्हा उलगडा झाला. मी फोन उचलला तरी अक्काला फरक पडत नसे, कारण फोनवर माझा आवाज हुबेहूब वहिनीचा येतो. ती माझ्याशीच निम्मा भाग बोलून टाकायची आणि मग “आधी सांगायचं नाही का, मेले!” म्हणून चिडायची.

दोघींचा एक नियम होता. बॉडी दाखवल्याशिवाय कुणालाही मेलेलं धरायचं नाही. थोरला नदीत बुडाला तेव्हा दोघींनी हळहळून घेतलं होतं. अक्कानं तर संध्याकाळचं जेवण सोडलं होतं. दीड महिन्यानं तो दाढी वाढवून परत आला. तेव्हापासून हा नियम.

त्या रविवारी अक्काचा फोन काही लागला नाही. इस्लामपूरला वारं सुटलं होतं, लाईट गेली असणार. लाईट गेली की अक्का गोधडी घेऊन आडवी होते, मग कुणाचा फोन घेत नाही. इकडे पडद्यावर गाडीचा ब्रेक लागेना. मालिकेतली वहिनी किंचाळली, पडदा काळा झाला, आणि पुढचा भाग उद्या.

“संपलं!” वहिनी म्हणाली. “आता उद्या सातपर्यंत जीव टांगणीला.”

साडेसातला ‘सुरांची चढाओढ’ लागली. गाण्याच्या या स्पर्धेत परीक्षक म्हणून युग नावाचा एक पॉपगायक बसायचा. नुसता युग. आडनाव नाही, बाप नाही, गाव नाही. बंद खोलीत काळा चष्मा.

“याचे डोळे आलेत का?” वहिनीचा पहिल्या दिवशीचा प्रश्न. पण नंतर तिनं त्याला पदरात घेतलं. त्याचं ‘सीन करून सोडलंस’ हे गाणं त्या वर्षी लग्नात, गणपतीत, रसवंतीगृहात, सगळीकडे वाजत होतं. ते तिनं सुहासकडून आपल्या मोबाईलची रिंगटोन म्हणून घालून घेतलं होतं.

“वहिनी, तुला याच्यात काय आवडतं?” मी विचारलं. “आवाज तरी खरा आहे का?”

“आवाजाला इस्त्री मारलीय, ते कळतंय मला. परीटघडीचा आवाज आहे. पण दुःख खरं आहे.”

“कसलं दुःख? ‘निळी झाली टीक, सांग ना, सांग ना.’”

“मग? माणसानं वाचलंय, वाचलेलं दिसतंय आणि उत्तर देत नाही. याच्यापेक्षा दुसरं काय असतं दुःख? आमच्या वेळी बरं होतं. पत्र पोचलंच नसेल असं म्हणता यायचं.”

“व्याकरण तरी आहे का त्यात?”

“विरहात व्याकरण शोधणारी तू एकटीच.” तिनं परातीतले पावटे हातानं सारखे केले. “म्हणून एकटीच.”

यावर मी पुस्तक फेकून मारायचा आव आणला, आणि तिनं परातीची ढाल केली. सुहासची बायको मंजिरी आतून बघायला आली, काय पडलं म्हणून. रात्री पावट्याची उसळ होती.

सकाळी वहिनीनं मला चहा दिला. माझ्या पिशवीत उसळीचा डबा घातला, तो सांडेल म्हणून मी काढला, तिनं परत घातला. मग वाळलेले कपडे घडी करायला खोलीत गेली. “पाठीत धरलंय जरा,” असं म्हणाल्याचं मंजिरीनं ऐकलं. मी ऐकलं नाही, मी बसची वेळ बघत होते. मंजिरी बाम घेऊन गेली आणि तिनं हाक मारली ती वेगळ्याच आवाजात.

आमचे नेहमीचे डॉक्टर परगावी होते. त्यांच्या जागी बसलेली एक तरुण डॉक्टर मुलगी धावत आली. तिनं जे करायचं ते सगळं केलं, बराच वेळ केलं. सुहास वहिनीचे पाय चोळत ‘वहिनी, वहिनी, डोळे उघड’ म्हणत होता. शेवटी ती मुलगी उठली, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला आणि सुहासला म्हणाली, “सॉरी. यांच्या मुलांना कळवावं लागेल. कुठं असतात?”

“इथंच,” सुहास म्हणाला. “मी मुलगा.”

“आणि या?”

“मुलगी.”

ती आमच्या दोघांच्या मागे, दारात कोणी आणखी उभं आहे का ते बघू लागली. “मग वहिनी कुणाच्या?”



दहाच्या सुमारास हॉल भरला. वहिनीला मध्ये ठेवलं होतं. भिंतीवरचा टीव्ही काढता येईना म्हणून मंजिरीनं त्याच्यावर पांढरी चादर टाकली. आता खोलीत दोघंजण चादरीखाली होते, पण वहिनीचं तोंड उघडं होतं. हे वहिनीला सांगितलं असतं तर ती हसली असती, हे माझ्या मनात आलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. मला रडू येत नव्हतं. शेजारच्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि एकमेकींना खुणावत होत्या, हिला रडू द्या, नाहीतर बाधेल.

“अक्का आल्याशिवाय हलवायचं नाही,” बापूकाकानं जाहीर केलं. “तिनं लग्न लावून आणलीय हिला. तोंड बघितल्याशिवाय नेलं तर अक्का मला जन्मभर माफ करणार नाही.”

सुहासचा मेव्हणा तेव्हाच गाडी घेऊन इस्लामपूरला निघाला होता. गिरीश वर्गावर होता, फोन बंद. म्हणजे अक्का घरात एकटी. अचानक दारात गाडी उभी राहिली आणि परका माणूस ‘चला’ म्हणाला, तर तिथंच काहीतरी व्हायचं. गाडी पोचायच्या आत तिला फोनवर, बेतानं, कुणीतरी सांगायला हवं होतं.

“मी सांगतो,” बापूकाका म्हणाला. “मोठी बहीण आहे माझी.” त्यानं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

“अक्का... मी बापू... हां... नाही, काही नाही... आवाज होय? सर्दी झालीय.” तो थांबला, ऐकत राहिला. “हो. वाफ घेतो.” त्यानं फोन ठेवला आणि गमछ्यात तोंड घालून ढसाढसा रडायला लागला.

“मी बोलतो,” सुहास म्हणाला. त्यानं लावला. “अक्का, गुडघा कसा आहे?” बराच वेळ तो अक्काच्या गुडघ्याबद्दल ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. “तेल लावत जा,” असं म्हणून त्यानंही ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. “ताई, तू बोल. तुला शब्द सापडतात.”

“माझा फोन चार्जिंगला आहे,” मी म्हणाले. खरंच होता.

आणि तेवढ्यात त्या गच्च शांत खोलीत ढोल वाजायला लागला.

धडाम् धडाम्, आणि मग युगचा परीटघडीचा आवाज, “निळी झाली टीक, सांग ना, सांग ना...”

कुणालाच कळेना कुठून येतंय. बापूकाकानं स्वतःचे सगळे खिसे चाचपले. गुरुजी दर्भ शोधत होते ते थांबले. मंजिरी सोफ्याच्या गाद्या उचलायला लागली तर दोन बायका उठून बाजूला झाल्या, तिसरीला उठता येईना, तिला दोघींनी धरून उठवलं. “सीन करून सोडलंस, मला सीन करून...” गाणं थांबलं. सगळ्यांनी श्वास सोडला. परत सुरू झालं. शेवटी सुहासला शेंगांच्या सालांच्या पेपराखाली तो मोबाईल सापडला. त्यानं तो विस्तव धरावा तसा धरला आणि माझ्या हातात दिला.

पडद्यावर ‘अक्का’ असं आलं होतं. दहा वाजून गेले होते. तिच्या रोजच्या फोनची वेळ.

“घे,” बापूकाका म्हणाला. “गाडी पोचेल आता.”

मी बटण दाबलं. “हॅलो.”

“अगं कुठं होतीस? दुसऱ्यांदा लावतीय!” अक्का गरजली. “काल ऐन वेळेला आमची लाईट गेली. गाडी घाटाला लागली इथवर बघितलं. तो बापू सर्दी झाली म्हणून सांगतोय, सुहास गुडघा विचारतोय, कामाचं कुणी बोलत नाही. पुढं काय झालं?”

“अक्का, बसून घे आधी.”

“बसलीय. सांग.”

बेतानं सांगायचं म्हणजे कसं, याचा मी विचार केला होता. पण शब्द दोनच होते.

“वहिनी गेली, अक्का.”

 पलीकडून एक लांब सुस्कारा.

“मला वाटलंच होतं,” अक्का म्हणाली.

 म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलं होतं. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? लक्षणं दिसत होती की. पंधरा दिवस झाले, नुसती तुळशीपाशी उभी. सिनेमा मिळालाय म्हणं तिला. जाईना का.”

मी फोन कानावर घट्ट धरला. हॉलमधले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बापूकाकानं खुणेनं विचारलं, सांगितलंस? मी मान हलवली. ती होय म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. अक्काला वाटत होतं ती प्रमिलाशी बोलतेय. त्या एका घरात, त्या एका कानात, वहिनी अजून फोनवर होती आणि कालचा भाग सांगत होती.

“अक्का, तसं नव्हे,” मी म्हणाले. “खरंच गेली.”

“बॉडी दाखवली का?”

मी हॉलच्या मध्यभागी बघितलं.

“दाखवली.”

“तोंड दिसलं? नुसती चादर असंल तर धरू नको. थोरल्याच्या वेळी फसलोय आपण.”

“तोंड दिसतंय.”

“कसं दिसतंय?”

“नेहमीसारखंच.”

“बघ! मेकअप उतरवायचासुद्धा कंटाळा. आणि ठेवलीय कुठं?”

“हॉलमध्ये.”

“एकदम हॉलमध्ये? दवाखान्याचा सीन नाही? आयसीयू, काच, काही नाही?”

“वेळच मिळाला नाही, अक्का.”

“काटकसर करतात मेले. एवढ्या वर्षांची बाई, घर सांभाळलं तिनं, आणि घालवायची कशी, तर अशी? बसल्या जागी?” तिचा आवाज जरा ओला झाला. मग तिनं नाक ओढलं आणि परत कामाला लागली. “धाकट्या दिराला रडवलं का?”

खांबाला टेकून बापूकाका उभा होता. साठी उलटलेली, गमछा ओला.

“तो फार रडतोय,” मी म्हणाले.

“ओठ वाकडे करून?”

“हो.”

“त्याला रडायला तीच शिकवणार होती. गेली. आणि ती पोरगी? शहाणी, शिकलेली? ती तरी रडली का?”

“नाही.”

“मग काय करतीय?”

“फोनवर आहे.”

अक्का उसळली. “बघ! असलं लिहितात! तिकडं आई मरून पडलीय आणि पोरगी फोनवर! कुणाशी बोलतीय ती एवढं?”

“तुझ्याशी,” मी म्हणाले.

 इस्लामपूरहून कुठलं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“कोण बोलतंय?”

“चारू.”

“चारू? तू पुण्याला गेली नाहीस?” तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “मग आधी सांगायचं नाही का, मेले. दे, प्रमिलाला दे फोन. कुठंय ती?”

मी तोंड उघडलं. रोजचा शब्द जिभेवर होता, पण तो अक्काला मी मघाशीच दिला होता आणि तिनं तो भलतीकडेच नेऊन ठेवला होता. त्यानं आता भागणार नव्हतं. तिच्या दारात गाडीचा हॉर्न वाजला, तो मला फोनमधून ऐकू आला.

“आई गेली,” मी म्हणाले.

सुहासनं मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला.

“अक्का, माझी आई गेली.”